अठरा लाखांच्या दोन भाषा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आज दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. पहिला आकडा आयर्लंड या देशाच्या २०२२ च्या जनगणनेतला आहे. त्या देशातल्या सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश भाषा बोलता येते असे लिहून दिले. दुसरा आकडा आपल्या २०११ च्या जनगणनेतला. भारतातल्या सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा त्या वर्षी 'खान्देशी' या नावाखाली नोंदली गेली. त्यातल्या १६ लाखांहून अधिक लोकांनी आपल्या भाषेचे नाव स्पष्टपणे 'अहिराणी' असे सांगितले होते.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. पण त्या भाषांचे नशीब पाहा. आयरिश ही आयर्लंडच्या राज्यघटनेप्रमाणे त्या देशाची पहिली राजभाषा आहे. पासपोर्टावर ती आहे, रस्त्यावरच्या पाट्यांवर ती आहे, शाळेत प्रत्येक मुलाला ती वर्षानुवर्षे शिकवली जाते. २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. आपल्या अहिराणीला यातले काहीही नाही. तिला शाळा नाही, पाटी नाही, की सरकारी कागद नाही. धुळ्याच्या बसस्टँडवर ती कानावर पडते, पण त्याच स्टँडवर लिहिलेली मात्र कुठेही दिसत नाही.

आणि तरीही त्या १८ लाख ७४ हजारांपैकी शाळा-कॉलेजाच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे किती निघाले? ७२ हजारांच्या आत. ४ लाख ७३ हजार लोकांनी तर सांगितले की भाषा येते, पण आम्ही ती कधीच बोलत नाही. आपल्याकडच्या १८ लाख ६० हजारांत 'येते पण बोलत नाही' असे म्हणणारा माणूस तुम्हाला शोधावा लागेल. तिकडे भाषा शाळेत आहे आणि घरातून गेली. इकडे ती घरात आहे आणि शाळेत कधी शिरलीच नाही. माझे गाव शिंदखेडा तालुक्यातले आणि नोकरी झाली जळगावात, इतिहास शिकवण्यात. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिल्यापासून ते डोक्यातून जात नाहीत.

आयरिश ही केल्टिक भाषाकुळातली. हे कूळ एके काळी युरोपभर पसरलेले होते. आज ते त्या खंडाच्या पश्चिम टोकाला, समुद्राच्या कडेकडेने उरले आहे. आयर्लंडमध्ये आयरिश, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर गेलिक, वेल्समध्ये वेल्श, फ्रान्सच्या वायव्य कोपऱ्यात ब्रेटन, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्निश आणि मॅन नावाच्या छोट्या बेटावर मँक्स. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की ही सारी इंग्रजीचीच गावंढळ रूपे असावीत. तसे मुळीच नाही. इंग्रजी आणि वेल्श यांच्यातले अंतर मराठी आणि गुजराती यांच्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी अधिक आहे. उलट या भाषा आपल्या संस्कृतच्या दूरच्या चुलत बहिणी आहेत. संस्कृत 'त्रि' तसे आयरिशमध्ये 'त्री'. आपल्या 'नऊ'ला वेल्शमध्ये 'नाऊ' म्हणतात. आपल्या 'राजा'च्या आणि 'राय'च्या जागी आयरिशमध्ये 'री' असतो.

हे नाते ज्यांनी मनापासून जपले त्यांच्यातल्या दोघांचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आला. एक व्हिटली स्टोक्स. हे मूळचे डब्लिनचे, व्यवसायाने कायदेपंडित आणि आवडीने जुन्या आयरिश व ब्रेटन पोथ्यांचे अभ्यासक. १८७७ ते १८८२ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदा सदस्य होते. दिवसा हिंदुस्थानसाठी कायदे आणि उरलेल्या वेळात केल्टिक पोथ्या, असा त्यांचा क्रम. १८७६ मध्ये त्यांनी जुन्या ब्रेटनमधले एक प्रार्थनेचे पुस्तक संपादून छापले, तेही कलकत्त्यात! त्यांच्याच कारकिर्दीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा झाला. जळगाव-धुळ्याला कुणी वावर विकत घेतले की खरेदीखताला आजही तोच कायदा लागतो.

दुसरे जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन. यांचे नाव मात्र प्रत्येक खान्देशी माणसाला ठाऊक असायला हवे. त्यांचा जन्म १८५१ चा, डब्लिनजवळचा. घराणे छापखानेवाल्यांचे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात रॉबर्ट ॲटकिन्सन नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना संस्कृतची गोडी लावली, आणि हे ॲटकिन्सन स्वतः जुन्या आयरिशचेही जाणकार होते. १८७३ मध्ये ग्रिअर्सन सनदी नोकरीत बिहारला आले आणि तिथल्या खेड्यापाड्यांतल्या बोली ऐकून त्यांनी तो प्रचंड उद्योग मनावर घेतला, ज्याला आपण भारताचे भाषिक सर्वेक्षण म्हणतो. १९०३ ते १९२८ या काळात ११ खंड निघाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यांत नोंदल्या गेल्या. पद्धत साधी होती. बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट प्रत्येक बोलीत लिहून मागवायची, म्हणजे तुलना करायला बरे. एका माणसाला दोन मुलगे होते, या वाक्यापासून ती सुरू होते. मराठीतला 'मुलगा' आपल्या अहिराणीत 'आंडोर' होतो.

या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड सातवा, तो १९०५ मध्ये आला. त्यात खान्देशी सापडत नाही. ती सापडते १९०७ मध्ये निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबत, म्हणजे गुजराती-राजस्थानीच्या शेजारी. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, सरकारने खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले होते. एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. जमिनीचे दोन भाग झाले आणि भाषेला मात्र त्याच सुमारास एक स्वतंत्र घर मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

ग्रिअर्सनच्या या वर्गवारीवर आपल्याकडच्या अभ्यासकांत अजूनही वाद आहेत. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा प्रश्न निघाला की सभागृहाचे दोन तट पडतात. मला तो प्रश्न आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही, का ते पुढे सांगतो. पण अहिराणीची ठेवण मराठीहून वेगळी आहे हे ऐकताक्षणी कळते. मराठीत 'आहे', आमच्याकडे 'शे'. गुजरातीतला 'छे' आठवा. 'मी जातो' याला आम्ही 'मी जास' म्हणतो आणि 'मी जाईन' याला 'मी जासू'. माझा-तुझाच्या जागी मना-तुना. आला म्हणजे 'उना', गेला म्हणजे 'गया'. आणि 'ळ' हा उच्चार तर आमच्या जिभेवर टिकतच नाही. काळा होतो 'काया', डोळा होतो 'डोया'. जळगाव होते 'जयगाव' आणि धुळे होते 'धुये'. नकाशावर आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या ठाण्यांची नावे अशा उच्चारात लिहिलेली आहेत, जो उच्चार तिथल्या निम्म्या लोकांच्या घरात होत नाही. वेल्समध्ये ज्या शहराला इंग्रजीत स्वान्सी म्हणतात त्याला वेल्शमध्ये 'आबेरतावे' म्हणतात आणि आता पाटीवर दोन्ही नावे असतात. 'धुये' अशी पाटी लावा असे मी म्हणत नाही, लोक हसतील. पण लोक का हसतील, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

त्याआधी थोडे भूगोलाचे. बाहेरच्या माणसाला खान्देश म्हणजे सरसकट अहिराणी वाटते. तसे नाही. धुळे जिल्हा, नंदुरबारचा सपाटीचा भाग, जळगाव जिल्ह्यातला अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, भडगाव असा पश्चिमेकडचा पट्टा, आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, बागलाण, देवळा, कळवण हा अहिराणीचा मुलूख. भुसावळ, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात लेवा गणबोली आहे, ती वेगळी. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, त्यांची कविता या लेवा बोलीच्या अंगाने जाते. तिला अहिराणी म्हणणे हे दोन्ही बोलींवर अन्याय करणारे आहे, तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या भाषणात ते ऐकावे लागते. सातपुड्यात भिल्ली, पावरी, मावची. आणि जळगाव जिल्ह्याची हद्द ओलांडून बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडे गेलात तर निहाली. ही निहाली फार विलक्षण भाषा आहे. जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी तिचे नाते लागत नाही, आणि बोलणारे राहिलेत दोन-अडीच हजार. तिच्यासाठी एक स्वतंत्र भाषण हवे.

अहिराणीचा आणखी एक मुलूख आहे तो नकाशात दिसत नाही. तो म्हणजे सुरत. तापी बुऱ्हाणपूरहून निघून जिकडे जाते, तिकडेच आमची माणसे भुसावळ-सुरत गाडीने गेली, पोटासाठी. लिंबायत, उधना, पांडेसरा भागात गल्ल्याच्या गल्ल्या खान्देशी आहेत. वेल्श लोकांनीही असाच एक दूरचा मुलूख वसवला आहे. १८६५ मध्ये दीडशेच्या आसपास माणसे 'मिमोसा' नावाच्या जहाजाने दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात गेली. आपली भाषा आणि आपली प्रार्थना इंग्रजांपासून लांब राहावी एवढ्यासाठी! तिथे आजही काही हजार लोक वेल्श बोलतात, आणि दुसरी भाषा म्हणून इंग्रजी नव्हे तर स्पॅनिश बोलतात. सुरतेतल्या माझ्या चुलतभावाच्या घरी हाच प्रकार पाहिला. त्याची नात शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी आणि आजीशी अहिराणी बोलते. मराठी तिला वाचता येत नाही. अहिराणीला मराठीची बोली म्हणणाऱ्यांनी एकदा त्या घरी जेवायला जावे.

आता त्या हसण्याकडे येतो. १८४७ मध्ये ब्रिटिश सरकारने वेल्समधल्या शाळांची पाहणी करून एक अहवाल छापला. तीन इंग्रज आयुक्त, वेल्श न कळणारे. त्यांनी लिहिले की वेल्श भाषा ही या लोकांच्या प्रगतीतली धोंड आहे आणि त्यांच्या नीतिमत्तेलाही तिच्यामुळे बाधा येते. अहवालाची बांधणी निळी होती, म्हणून वेल्श लोक आजही त्याला निळ्या पुस्तकांचा विश्वासघात म्हणतात. त्या काळात पुष्कळ शाळांत एक लाकडाचा तुकडा असे. जे मूल वर्गात वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात तो अडकवायचा. त्याने दुसऱ्या मुलाला वेल्श बोलताना पकडले की तो त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो तुकडा, त्याला मार. ब्रिटनी प्रांतात ब्रेटन बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात लाकडी खडावासारखा जोडा अडकवीत. आयर्लंडमध्ये मुलाच्या गळ्यात काठी बांधीत आणि आयरिशमध्ये बोललेल्या दर शब्दाला तिच्यावर एक खाच पाडीत. या खाचा कधी कधी मुलाचे आईबापच पाडून देत. मुलाला अमेरिकेला पाठवायचे आहे, तिथे इंग्रजी लागेल, ही त्यांची चिंता. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांवर माणसे मेली आणि तितकीच परागंदा झाली. त्यांत आयरिश बोलणारा गरीब पश्चिम भाग सर्वांत जास्त भरडला गेला. अशा बापाला दोष कसा द्यायचा?

आपल्याकडे लाकडाचा तुकडा नव्हता. आपल्याकडे हसण्यावर काम भागले. मी तालुक्याच्या एका शाळेत पाचवीला गेलो तेव्हा गुरुजींनी विचारले, उशीर का झाला. मी म्हणालो, बस आत्ता उनी. सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. कुणी मारले नाही, कुणी रागावलेही नाही. त्या दिवसापासून मी शाळेच्या फाटकापर्यंत एक भाषा आणि फाटकाच्या आत दुसरी, असे बोलू लागलो. पुढे शिक्षक झाल्यावर अशी शेकडो मुले पाहिली. पुण्याच्या कॉलेजात गेलेली आमची हुशार मुले पहिले सहा महिने गप्प असतात, ते याच कारणाने. आणि सिनेमा-नाटकात खान्देशी माणूस आला की तो विनोदीच असायला हवा, हा नियम अजून मोडलेला नाही.

आता मूळ प्रश्न. आयरिशला सगळे मिळूनही ती घरातून का गेली? १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले आणि राज्यकर्त्यांनी मनापासून प्रयत्न केले, यात शंका नाही. पण त्यांनी भाषेचे काम शाळेवर सोपवले. शाळेने व्याकरण शिकवले, परीक्षा घेतल्या, गुण दिले. मूल घरी आले की आई इंग्रजीतच बोले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या भागात आयरिश खरोखर घरात होती, तिथे रोजगार नव्हता, म्हणून तरुण माणसे डब्लिनला, लंडनला, बोस्टनला गेली. या राखीव भागातही आज शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे २० हजारांच्या आसपास आहेत.

वेल्शचे तसे झाले नाही, त्याला एक जुने कारण आहे. १५८८ मध्ये बायबलचे वेल्श भाषांतर छापले गेले. पुढे खेड्याखेड्यांतल्या रविवारच्या शाळांतून लहानथोर, अगदी शेतमजूर आणि खाणकामगारसुद्धा, ते वाचायला शिकले. सोमवार ते शुक्रवार शाळा इंग्रजीची, गळ्यात लाकूड घालणारी. पण रविवारी आपल्या भाषेतली अक्षरे. गरिबाला आपली भाषा लिहिलेली पाहायला मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, याची कल्पना ज्यांची भाषा नेहमीच छापली जाते त्यांना यायची नाही. माझ्या मायने आयुष्यभर अहिराणी बोलली. तिला जेमतेम वाचता येत असे, ते मराठी. तिने स्वतः बोललेला एक शब्दही छापलेला पाहिला नाही.

तरीही वेल्श घसरत होती. १९११ मध्ये वेल्समध्ये शेकडा ४३ लोक ती बोलत, १९६१ मध्ये शेकडा २६. १९६२ च्या १३ फेब्रुवारीला साँडर्स लुईस या नाटककाराने बीबीसीवर वेल्शमधून एक भाषण केले. विषय होता भाषेचे भवितव्य. हे असेच चालले तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श संपलेली असेल, असे त्यांनी सांगितले आणि सरकारी कामकाज वेल्शमधून झाल्याशिवाय चालू द्यायचे नाही असा मार्ग सुचवला. श्रोतेहो, एका रेडिओ भाषणाचा इतका परिणाम झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्याच वर्षी तरुणांनी वेल्श भाषा संघटना काढली. त्यांनी इंग्रजी पाट्यांवर रंग फासला, दंड भरायला नकार दिला, तुरुंगात गेले. १९८० मध्ये ग्विन्फोर एव्हान्स या नेत्याने वेल्श दूरचित्रवाहिनीसाठी आमरण उपोषणाची घोषणा केली. हे हत्यार आपल्याला नवे नाही, पण मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला ते नवे होते. सरकार नमले आणि १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली. तिथले राष्ट्रीय साहित्य-संगीत संमेलन दरवर्षी भरते, आणि १९५० पासून त्याचा सगळा कारभार फक्त वेल्शमध्ये चालतो. तिथे उत्तम कवीला खरोखरीची लाकडी खुर्ची बक्षीस देतात, सुताराने खास घडवलेली. आपल्या संमेलनात खुर्चीसाठी इतर काही करावे लागते. असो.

मात्र वेल्शची गोष्टही सुखान्त म्हणून सांगता येणार नाही. २०११ मध्ये ५ लाख ६२ हजार बोलणारे होते, ते २०२१ मध्ये ५ लाख ३८ हजारांवर आले, आणि घट मुख्यतः लहान मुलांत दिसली.

पण या दोन्हींपेक्षा मला जास्त भीती वाटते ती ब्रेटनची. कारण अहिराणीचा खरा आरसा ती आहे. १९५० च्या सुमारास ब्रिटनीत दहा लाखांच्या आसपास लोक ब्रेटन बोलत. आपल्यासारखेच शेतकरी, मच्छीमार. शाळेत भाषा नाही, कचेरीत नाही, पण घरात आणि शिवारात भरपूर. ती मरेल असे कुणाला वाटले असते? तिला मारायला कुणी सैन्य पाठवले नाही. महायुद्धानंतरच्या एका पिढीतल्या आयांनी ठरवले की मुलांशी फ्रेंचमध्ये बोलायचे. नवराबायको आपसात ब्रेटन बोलत, म्हाताऱ्यांशी ब्रेटन बोलत, मुलांकडे वळले की फ्रेंच. बस, एवढेच झाले. २०१८ च्या पाहणीत बोलणारे दोन लाखांच्या थोडे वर होते, २०२४ च्या पाहणीत ते एक लाखाच्या थोडे वर निघाले, आणि त्यांत म्हाताऱ्यांचाच भरणा.

हे चित्र मी धुळ्यात देवपुरात, जळगावच्या नव्या कॉलन्यांत रोज पाहतो. तरुण आई नणंदेशी फोनवर खणखणीत अहिराणी बोलत असते आणि कडेवरच्या पोराला म्हणते, 'बेटा, इकडे ये.' माझ्या पुतण्याच्या बायकोला मी विचारले, पोराशी अहिराणीत का बोलत नाहीस? ती म्हणाली, "काका, शाळामा हसतंस ना त्याले." तिने उत्तर दिले तेही अहिराणीत. तिचे काय चुकले? तिला मुलाचे भले हवे आहे, आयर्लंडमधल्या त्या काठीवर खाच पाडणाऱ्या बापाला हवे होते तसेच.

म्हणून मी म्हणालो की बोली की भाषा हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. आठव्या अनुसूचीत नाव यावे अशी मागणी होते. यावे, आनंदच आहे. पण घटनेत अगदी पहिल्या क्रमांकावर बसूनही आयरिश घरातून गेली, हे विसरू नये. आणि केवळ घरावर विसंबून राहिलेली ब्रेटन दोन पिढ्यांत कोसळली, हेही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. याआधी १९५२ मध्ये ते तिथे झाले, तेव्हा अध्यक्ष होते मराठीच्या व्युत्पत्तीचा कोश करणारे कृ. पां. कुलकर्णी. ज्या मराठीसाठी आम्ही मांडव घातले, तिच्या शाळेत आमच्या घरातल्या शब्दाला हसू मिळू नये, इतकीच आमची मागणी आहे.

काम करणारी माणसे नाहीत असे नाही. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला. बागलाणच्या डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे नियतकालिक अहिराणीतून चालवले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात, अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली, २०१३ मध्ये अहिराणीला तिची पाने मिळाली. मोबाईलवर अहिराणी गाण्यांचा तर पूर आला आहे. लग्नाच्या वरातीत तीच वाजतात आणि पुण्यात शिकणारी, एरवी गप्प राहणारी मुले त्यावर बेभान नाचतात. श्रावणात कानबाई बसते तेव्हा सुरतहून, कल्याणहून माणसे गावी येतात, रोट होतात, रात्रभर गाणी होतात. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर अहिराणीतच गातात. पण सण वर्षातून दोनदा येतो आणि शाळा वर्षातून दोनशेहून अधिक दिवस असते. खेड्यातले जिल्हा परिषदेचे कितीतरी शिक्षक पहिलीच्या पोरांना अहिराणीतच समजावून सांगतात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही लहान मुलांना शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हणते. हे शिक्षक ते चोरून करतात, ते उघडपणे करता आले पाहिजे.

संपलेली भाषा परत येते का, असे मला विचारतात. मँक्सचे उदाहरण आहे. ती जन्मापासून बोलणारे शेवटचे गृहस्थ, नेड मॅड्रेल, १९७४ मध्ये वारले. लोकांनी टेपवर त्यांचे बोलणे नोंदवून ठेवले होते, त्यावरून पुढची माणसे शिकली. २००१ मध्ये तिची प्राथमिक शाळा निघाली. २००९ मध्ये युनेस्कोने मँक्स नामशेष झाल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी मँक्समध्येच पत्र लिहून विचारले की मग हे पत्र आम्ही कोणत्या भाषेत लिहितो आहोत? युनेस्कोला नोंद बदलावी लागली. २०२१ मध्ये त्या बेटावर मँक्स थोडीबहुत येणारे २,२२३ लोक होते. शंभर वर्षांच्या खटपटीचे हे फळ. त्यापेक्षा आज आपल्या पोराला अहिराणीत हाक मारणे किती स्वस्त आहे!

शेवटी पुन्हा आकड्यांकडे. १९९१ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे ९ लाख ७४ हजार होते, २००१ मध्ये ते २० लाख ७५ हजार झाले आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजारांवर उतरले. दहा वर्षांत माणसे दुप्पट होत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख कमीही होत नाहीत. त्याच काळात जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ३६ लाख ८३ हजारांवरून ४२ लाख ३० हजारांवर गेली होती. फरक पडतो तो प्रगणकाला आपण काय सांगतो याचा. २०२१ ची जनगणना लांबली, आता ती २०२७ ची आहे. गावात विचारले तर बहुतेक जण म्हणतात, मराठी लिहून टाक, उगाच कशाला. अहिराणी लिहिली तर मराठी कमी होईल, किंवा पोराच्या दाखल्याला अडचण येईल, अशी एक भीती आहे. ती निराधार आहे. २०११ च्या अर्जात मातृभाषेचा एक रकाना होता आणि त्याच्या पुढे येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी वेगळी जागा होती. पहिल्यात अहिराणी, दुसऱ्यात मराठी आणि हिंदी, असे सरळ लिहिता येत होते. आणि मातृभाषा कशाला म्हणायचे हेही प्रगणकांना दिलेल्या सूचनांत स्पष्ट होते: लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली, ती.